रवण आणि यंत्र : बारामती–इंदापूर परिसरातील अंडी-उबवणी व कोंबडीच्या जातींची निवड

१. प्रश्नाचे स्वरूप

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. दक्षिणेस नीरा, उत्तरेस भीमा आणि मध्ये कऱ्हेचे खोरे अशी ह्या प्रदेशाची ठेवण असून वर्षाकाठी पडणारा सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कधीच भरवशाचा नसतो. १२ मे १८७५ रोजी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दंग्याला जेथे प्रारंभ झाला ते सुपे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात होते. आज ते बारामती तालुक्यात आहे. त्यापाठोपाठ १८७६–७८ चा दुष्काळ आला. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि ह्या भूभागाचे बागायत व जिरायत असे दोन भाग पडले. १९३० नंतर इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी कारखाने निघाले आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याने भीमाकाठची जुनी गावे पाण्याखाली घेतली. ह्या परिसराचा आर्थिक इतिहास बहुधा कालवा, ऊस आणि सहकार ह्या तीन शब्दांत सांगितला जातो.

ह्या तिन्ही शब्दांच्या बाहेर राहिलेला एक व्यवसाय म्हणजे परसातील कोंबडीपालन होय. जिरायत गावांत, गावकुसालगतच्या वस्त्यांत आणि रानातील एकाकी घरांत तो पूर्वापार चालत आला आहे. गेली सुमारे शंभर वर्षे सरकारी खाती, सेवाभावी संस्था आणि व्यापारी कंपन्या ह्या सर्वांनी त्याच्या सुधारणेचा एकच प्रश्न विचारला : परसात कोणत्या जातीची कोंबडी पाळावी? उत्तरही प्रायः एकाच मापाने मोजले गेले, ते म्हणजे वर्षाला किती अंडी मिळतात. परंतु ह्या प्रश्नाच्या आधी दुसरा एक प्रश्न येतो. त्या कोंबडीची अंडी उबवणार कोण आणि कोठे? उबवणीची जागा बदलली की योग्य जातही बदलते, आणि कळपावरचा ताबाही एका हातातून दुसऱ्या हातात जातो. बारामती–इंदापूरच्या कोंबडीचा इतिहास ह्या दृष्टीने पाहिल्यास त्यातील पुष्कळशा यशापयशांचा उलगडा होतो.

२. खुडूक कोंबडी : जुन्या परसातील उबवणी

जुन्या वाङ्मयात कोंबडा आढळतो, कोंबडी क्वचितच. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ह्या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये कोंबड्यांच्या झुंजीचा समावेश आहे. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही ही म्हण सर्वतोमुखी आहे. जत्रेत म्हसोबाला किंवा मरीआईला वाहिला जातो तोही कोंबडाच. उलट कोंबडी ही बाईच्या हातातील चीज असल्याने सारा, वतन आणि कर्ज ह्यांच्या कागदपत्रांत तिचा मागमूस लागत नाही. ज्या घरांना जमीन थोडी किंवा मुळीच नव्हती, त्या घरांतील स्त्रियांना मीठ-मिरची, बांगड्या किंवा मुलाचे औषध ह्यांसाठी हक्काचा पैसा कोंबडीतून मिळत असे. माळकरी घरांत आणि काही जातींत कोंबडी निषिद्ध असल्यामुळे ही मिळकत गावातील वरच्या थरांच्या नजरेस फारशी आली नाही.

ह्या परसातील उबवणीचे साधन म्हणजे खुडूक कोंबडी. कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग तिचे अंडी देणे थांबते. ती खुराड्यातून हलेनाशी होते, पिसे फुलवते, जवळ येणाऱ्यावर धावते. अशा कोंबडीखाली अंडी ठेवणे म्हणजे तिला रवणीला बसवणे. जुनी टोपली किंवा फुटक्या माठाचा तळ घेऊन त्यात राख, भुसा वा बारीक काड अंथरावे, दहा-बारा अंडी मांडावीत आणि अंधाऱ्या कोपऱ्यात तिला बसवावे, अशी ही रीत. काही घरांत विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून टोपलीत कोळसा किंवा लोखंडाचा तुकडा ठेवीत. कोंबडी दिवसातून एकदा थोडा वेळ उठते, दाणे टिपते, पाणी पिते आणि परत येते. दिवसभरात चोचीने अंडी अनेकदा फिरवते. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडतात. त्यापुढे सुमारे दोन महिने ती त्यांना पंखांखाली घेते, उकिरड्यावर चरायला शिकवते आणि घार दिसताच हाक घालून गोळा करते. ज्या घरी खुडूक कोंबडी नसे ते शेजारणीच्या कोंबडीखाली अंडी ठेवीत आणि निघालेली पिल्ले दोघींत वाटून घेत.

ह्या क्रमाचे गणित मांडून पाहणे उद्‌बोधक ठरते. अंडी घालण्याचे पंधरा-वीस दिवस, उबवणीचे एकवीस आणि संगोपनाचे सुमारे साठ असे एक आवर्तन जवळपास शंभर दिवसांचे होते. वर्षात अशी तीन किंवा चार आवर्तने बसतात. प्रत्येक आवर्तनात बारा ते पंधरा अंडी धरली तर वर्षाचा आकडा पन्नास-साठच्या आसपास येतो. आणि गावठी कोंबडीच्या उत्पादनाचा जो आकडा सर्वत्र दिला जातो तोही हाच आहे. म्हणजे गावठी कोंबडीची ‘साठ अंडी’ ही केवळ तिच्या वंशाची दरिद्रता नव्हे. वर्षातील बहुतेक दिवस ती अंडी देण्याऐवजी उबवणी-यंत्राचे, कृत्रिम दाईचे आणि राखणदाराचे काम करीत असते. उत्पादनाची तुलना करणाऱ्या तक्त्यांत ह्या तिन्ही कामांची किंमत शून्य धरली गेली.

खुडूकपणाचे शारीरिक कारण विसाव्या शतकात स्पष्ट झाले. मेंदूतील पियूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिन ह्या द्रव्याचे प्रमाण वाढले की अंडी घालणे थांबते आणि बसण्याची प्रवृत्ती बळावते, हे १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले. हा गुण आनुवंशिक असतो. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. रवणीवर वाढलेल्या कळपातील प्रत्येक पिल्लू कोणत्या ना कोणत्या यशस्वी खुडूक कोंबडीच्या पंखांखालून आलेले असते. जी कोंबडी बसत नाही तिची अंडी बहुधा खाल्ली किंवा विकली जातात. शतकानुशतके चाललेल्या ह्या चाळणीतून गावठी कोंबडी घडली. तिची निवड कोणी ठरवून केली नव्हती, परंतु निवड झालीच नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही.

३. यंत्राचा प्रवेश

कोंबडीवाचून अंडी उबवण्याची कला मिसर आणि चीन ह्या देशांत फार जुनी आहे. मिसरमधील मातीच्या मोठ्या भट्ट्यांत एकावेळी हजारो अंडी उबवीत. भट्टीवाले कारागीर अंडे पापणीला लावून उष्णतेचा अंदाज घेत असत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर ह्याने ह्या विद्येचा अभ्यास करून १७४९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. मिसरमधील फायूमी ही कोंबडी आजही सहसा खुडूक होत नाही, ही गोष्ट ह्या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. जेथे उबवणीचे काम भट्टीकडे गेले, तेथे कोंबडीला ते काम करण्याची गरज उरली नाही.

आधुनिक यंत्राचा खरा प्रश्न उष्णता आपोआप स्थिर ठेवण्याचा होता. इंग्लंडमध्ये चार्ल्स हियरसन ह्याने १८८१ मध्ये तो सोडवला. उष्णतेने फुगणाऱ्या द्रवाची लहानशी डबी तरफेला जोडून दिव्याची आच कमी-अधिक करण्याची ही युक्ती होती. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे लायमन बायस ह्याने १८७९ च्या सुमारास आपले यंत्र बनवले होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पंख्याने हवा खेळवणारी मोठी यंत्रे आली आणि १९२० नंतर विजेवर चालणारी यंत्रे बाजारात मिळू लागली. त्याच सुमारास पाश्चात्य देशांत पैदाशीची दिशाही पक्की झाली. इटलीतील लिव्होर्नो बंदराचे नाव धारण करणारी लेगहॉर्न ही पांढरी, हलकी कोंबडी खुडूक होत नाही. म्हणून ती अंडी अखंड देते. यंत्राच्या शोधाअगोदर हा गुण म्हणजे दोष होता. यंत्र आल्यावर तोच दोष सर्वात मोठा सद्‌गुण ठरला.

पश्चिम महाराष्ट्रात सुधारित कोंबड्यांचा प्रसार पुण्याच्या बाजूने झाला. पुणे आणि खडकीच्या लष्करी छावण्यांमुळे अंड्यांना तेथे कायमचे गिऱ्हाईक होते, आणि खडकी येथे सरकारी कुक्कुटपैदास केंद्र चालू होते. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शाही कृषी आयोगाच्या अहवालातही ग्रामीण जोडधंद्यांच्या चर्चेत कोंबडीपालनाला स्थान मिळाले. परंतु खेड्यात यंत्र नव्हते आणि वीजही नव्हती. म्हणून सुधारणेचे दोन मार्ग अवलंबले गेले. एक, गावात व्हाइट लेगहॉर्न किंवा ऱ्होड आयलंड रेड जातीचा नर देऊन गावठी नर काढून टाकणे. दोन, सुधारित जातीची अंडी आणून ती गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवणे. दोन्ही मार्गांचा आधार गावठी कोंबडीची रवण हाच होता. पण पहिल्या मार्गाने यश मिळाले तर जन्मणाऱ्या प्रत्येक पिढीत खुडूकपणा कमी होत जाणार होता. जिच्या पंखांखाली ही सुधारणा वाढवायची, तिचीच उबवण्याची वृत्ती ती सुधारणा नाहीशी करीत होती.

त्यातच १९२७–२८ मध्ये कुमाऊँतील राणीखेत येथे नोंदल्या गेलेल्या रोगाने, ज्याला महाराष्ट्रात मानमोडी म्हणतात, देशभर कळप साफ केले. १९४० नंतरच्या दशकात मुक्तेश्वर येथील संशोधनातून ह्या रोगावर लस तयार झाली. मात्र लसीची एक कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांसाठी असते आणि पातळ केल्यावर ती काही तासांतच वापरावी लागते. सात-आठ कोंबड्या आणि तीन निरनिराळ्या वयांची पिल्ले असलेल्या परसाला ह्या मापाची लस सोयीची नव्हती. रवणीवर वाढणाऱ्या कळपाचे हे एक खरे उणेपण होते, आणि परंपरेच्या कौतुकात ते विसरून चालणार नाही.

४. एक दिवसाचे पिल्लू

स्वातंत्र्यानंतरच्या योजनांमध्ये अंडी व कोंबडे वाटण्याऐवजी एक दिवसाची पिल्ले वाटण्यावर भर आला. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्याच्या बळावर दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय तग धरू शकते. निसर्गाने ही सोय केली आहे ती उशिरा फुटणाऱ्या भावंडांसाठी आईला घरट्यात थांबता यावे म्हणून. तिच्याच बळावर उबवणी केंद्रांना पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिल्ले दूरवर पाठवता येऊ लागली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्र सरकारने मुंबईतील आरे येथे व देशातील अन्य ठिकाणी प्रादेशिक कुक्कुटकेंद्रे काढली. १९६० नंतर परसबाग, मत्स्यपालन आणि कोंबडीपालन ह्यांची सांगड घालणारा पोषण कार्यक्रम आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साहाय्याने देशभर पसरला. महाराष्ट्रात पुणे, कोल्हापूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व नागपूर येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आणि त्यांच्या जोडीला सधन कुक्कुट विकास गट उभे राहिले. पुण्याचे केंद्र खडकीलाच आहे.

ह्यापुढचे वळण व्यापारी होते. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी हैदराबाद येथे व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे तिचे मुख्यालय पुण्यात आले. १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन होऊन उत्पादकांच्या वतीने अंड्याचा दर जाहीर होऊ लागला. वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देणारी संकरित पांढरी कोंबडी पिंजऱ्यात आली आणि मांसासाठीचा ब्रॉयलर वेगळा झाला. १९९० नंतर करारपद्धती रुजली. तीत पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी व श्रम शेतकऱ्याचे. आणि मोबदला वाढवलेल्या वजनावर. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील मका, रस्ते आणि मुंबई-पुण्याच्या बाजारपेठांचे सान्निध्य ह्या धंद्याला अनुकूल ठरले. कालव्याच्या पाण्यावर स्थिरावलेल्या शेतकऱ्यालाच शेड बांधण्यासाठी कर्ज मिळू शके. त्यामुळे ज्या घरांत कोंबडी पूर्वी पाळली जात नसे, अशा घरांच्या रानातही हजारो पक्ष्यांची शेडे दिसू लागली, आणि हा व्यवसाय बहुतांशी पुरुषांच्या हाती गेला.

हे यश निर्विवाद आहे. अंडे ही सामान्य माणसाला परवडणारी वस्तू झाली, ती ह्याच रचनेमुळे. परंतु ह्या रचनेत पैदास, उबवणी आणि संगोपन ह्या तीन क्रिया तीन ठिकाणी गेल्या. शेतकऱ्याच्या वाट्याला केवळ तिसरी आली. पक्षी त्याच्या शेडमध्ये वाढतो, पण त्या पक्ष्यापासून पुढचा पक्षी त्याला मिळत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्ल्यूची लागण उघड झाली तेव्हा राज्यभर मागणी कोसळली. दर आठवड्याला ठरलेल्या संख्येने पिल्ले बाहेर काढणारी साखळी एका ठिकाणी अडली की सर्वत्र अडते, हे त्या वेळी दिसून आले.

५. रंगीत कोंबडीचे पुनरागमन

१९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस संशोधन संस्थांचे लक्ष पुन्हा परसाकडे वळले. बंगळूर येथील कृषी विद्यापीठाने गिरिराज, तर १९८८ मध्ये हैदराबाद येथे सुरू झालेल्या कुक्कुट प्रकल्प संचालनालयाने वनराज आणि ग्रामप्रिया हे वाण तयार केले. खाजगी क्षेत्रात जळगावकडून सातपुडा हा वाण आला. ह्या सर्वांचे एक समान वैशिष्ट्य म्हणजे रंग. पांढरी लेगहॉर्न घारीला दुरून दिसते आणि बाजारात ‘गावठी’ म्हणून खपत नाही. तपकिरी, तांबूस, ठिपकेदार पक्षी मात्र गावठीच्या भावात जातो. वनराज परसात वर्षाला शंभर-एकशेदहा अंडी देते, ग्रामप्रिया त्याहून बरीच अधिक, आणि गिरिराज वजनाने भरदार होते. गावठीच्या साठ अंड्यांशी तुलना केल्यास हे आकडे आकर्षक आहेत.

पण हे वाण संकरित आहेत आणि ते सहसा रवणीला बसत नाहीत. त्यांची अंडी यंत्रात उबवली तरी दुसऱ्या पिढीत मूळचे गुण एकसारखे उतरत नाहीत, म्हणून दर वेळी नवी पिल्ले केंद्राकडूनच घ्यावीत असा सल्ला विस्तार-कार्यकर्ते देतात. शास्त्रदृष्ट्या तो बरोबर आहे. तथापि शंभर किलोमीटर दूर असलेल्या उबवणी केंद्रावर नाव नोंदवणे, वाहनाची सोय करणे आणि विजेच्या दिव्याखाली पहिले तीन-चार आठवडे पिल्ले सांभाळणे हे जिच्याकडे दोन खोल्यांचे घर आणि पाच कोंबड्या आहेत तिला साधत नाही. त्यामुळे वाटप झालेल्या पक्ष्यांचा कळप दोन-तीन वर्षांत संपतो आणि मागे उरते ती गावठीच, असा अनुभव अशा योजनांत वारंवार येतो. तो पाळणाऱ्यांच्या हलगर्जीपणावर ढकलणे अन्यायाचे होईल. ज्या वाणाची उबवणी गावाबाहेर होते तो वाण गावात स्वतःच्या बळावर टिकू शकत नाही, हा त्यातील साधा नियम आहे.

मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील कडकनाथ ही जात ह्या नियमाचे निराळे उदाहरण होय. काळे मांस, औषधी गुणांची ख्याती आणि २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन ह्यांमुळे महाराष्ट्रात तिची चढाओढ सुरू झाली. कडकनाथ देशी खरी, पण तीही रवणीला चांगली बसत नाही. तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली किंवा यंत्रात ठेवावी लागतात. अंडी विकत घेऊन उबवण्याची हमी देणाऱ्यावर पाळणाऱ्याचे सगळे गणित अवलंबून राहते. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून उघडकीस आलेल्या प्रकरणात अशाच हमीवर पैसे गुंतवलेले हजारो शेतकरी फसले. खरेदी थांबली त्या दिवशी त्यांच्या अंगणात पक्षी होते, अंडीही होती. परंतु ज्या भावाच्या आशेने ती जमवली होती तो भाव देणारे दुसरे कोणी नव्हते. जातीची निवड करताना उबवणी आणि विक्री कोणाच्या हाती आहे हे न पाहिल्याचा हा परिणाम होता.

६. गावात आलेले लहान यंत्र

गेल्या काही वर्षांत पन्नास ते काही शे अंड्यांची लहान यंत्रे ग्रामीण भागात सहज मिळू लागली आहेत. थर्माकोलच्या खोक्यात विजेचे दिवे, लहान पंखा आणि स्वस्त तापमान-नियंत्रक बसवून काही तरुण ती घरीही बनवतात. बारामतीजवळ शारदानगर येथे कृषी विकास प्रतिष्ठानचे कृषी विज्ञान केंद्र आहे. अशा केंद्रांच्या प्रशिक्षणांत परसातील कोंबडीपालनाचा विषय येत असतो. यंत्राचे तत्त्व सोपे असले तरी त्याचे नियम कठोर आहेत. पंखा असलेल्या यंत्रात उष्णता ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर हवी. पहिले अठरा दिवस आर्द्रता ५५ ते ६० टक्के, अखेरचे तीन दिवस त्याहून अधिक. अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेकदा फिरवायची आणि त्यानंतर ती फिरवणे बंद करायचे. सातव्या दिवशी अंधारात उजेडापुढे धरून निर्जीव अंडी बाजूला काढावी लागतात. कोंबडी जे न शिकता करते ते येथे तापमापक आणि घड्याळ ह्यांच्या मदतीने करावे लागते.

ह्या परिसरातील उन्हाळा उबवणीला प्रतिकूल असतो. साधारणतः २१ अंशांच्या वर अंड्यातील जीव मंदपणे वाढू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीजवळ असताना आठ-दहा दिवस घरात साठवलेली अंडी यंत्रात जाण्यापूर्वीच अर्धवट वाढून मरतात. रांजणाखालच्या ओल्या वाळूवर टोपलीत अंडी ठेवण्याचा साधा उपाय येथे महागड्या यंत्राइतकाच मोलाचा ठरतो. विजेचा प्रश्न तर सर्वश्रुत आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रोज कित्येक तासांचे भारनियमन होते. त्या काळात खेड्यात विजेचे यंत्र चालवणे जवळजवळ अशक्य होते. आज परिस्थिती सुधारली असली तरी पावसाळ्यातील एका रात्रीच्या खंडाने तीन आठवड्यांचे श्रम वाया जाऊ शकतात, आणि बॅटरीचा खर्च हा यंत्राच्या खर्चाचाच भाग समजावा लागतो.

तरीही ह्या लहान यंत्राचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. पूर्वीच्या प्रत्येक टप्प्यात यंत्र गावापासून दूर होते आणि त्याच्याबरोबर उबवणीही दूर गेली. येथे प्रथमच यंत्र गावात आले. गावठी कोंबडीची अंडी गोळा करून यंत्रात ठेवली आणि तिचा खुडूकपणा मोडला, तर तीच कोंबडी लवकर पुन्हा अंड्यावर येते. उबवणी आणि संगोपनाचे सुमारे ऐंशी दिवस वाचले की जात न बदलताही वर्षाचे उत्पादन वाढते. एका वेळी निघालेली शंभर पिल्ले एका वयाची असतात. लसीची कुपी मग वाया जात नाही. एका वाडीतील दहा-बारा बायकांनी मिळून एक यंत्र चालवले, तर जुनी वाट्याची रीत नव्या साधनावर बसू शकते.

ह्या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खुडूक कोंबडीने चालवलेली चाळणी यंत्रात नसते. बसणारीचे आणि न बसणारीचे अंडे यंत्राला सारखेच. पिढ्यान्‌पिढ्या यंत्रावरच उबवणी होत राहिली तर गावठी कळपातूनही रवणीचा गुण हळूहळू क्षीण होईल. पिल्ले सांभाळण्याची, घार ओळखण्याची आणि उकिरड्यावर पोट भरण्याची आईची शिकवणही त्याबरोबर जाईल. एकाच घरचा कोंबडा वर्षानुवर्षे ठेवल्याने जवळच्या नात्यातील पैदास होऊन अंडी कमी फळतात, ही अडचण वेगळीच. म्हणून दर आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवणे, दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावच्या नराशी बदलणे आणि वर्षातून निदान एक रवण, शक्य तर हिवाळ्यातील, कोंबडीखाली होऊ देणे ही पथ्ये यंत्र बाळगणाऱ्या कळपालाही आवश्यक आहेत.

७. उपसंहार

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटी १८ लाख कुक्कुटपक्षी मोजले गेले. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातील होते. मागील गणनेच्या तुलनेत व्यापारी पक्षी साडेचार टक्क्यांनी, तर परसातील पक्षी जवळपास ४६ टक्क्यांनी वाढले. परसातील कोंबडी कालबाह्य होत असल्याचे अनुमान ह्या आकड्यांपुढे टिकत नाही. मात्र ही वाढ दोन अगदी भिन्न प्रकारच्या पक्ष्यांची असू शकते. एक, केंद्रातून आलेली आणि एका पिढीत संपणारी कोंबडी. दुसरी, घरातच जन्मून घरातच पुढची पिढी देणारी कोंबडी. गणनेच्या तक्त्यात दोघी एकाच रकान्यात बसतात, परंतु घराच्या अर्थकारणात त्यांचे स्थान एक नाही.

बारामती–इंदापूरच्या अनुभवावरून असे दिसते की, परसासाठी सर्वोत्तम जात कोणती ह्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. जेथे उबवणी केंद्र जवळ आहे, खाद्य विकत घेण्याची ऐपत आहे आणि अंड्यांना रोजचे गिऱ्हाईक आहे, तेथे ग्रामप्रियेसारखा वाण योग्य ठरेल. जेथे चार घरांत मिळून एक यंत्र आणि खात्रीची वीज आहे, तेथे निवडक गावठी किंवा ऱ्होड आयलंड रेडसारखी शुद्ध जात ठेवता येईल, कारण तिच्या संततीत आईबापांचे गुण टिकतात. आणि जेथे ह्यांपैकी काहीच नाही, तेथे वर्षाला साठ अंडी देणारी, पण रवणीला बसणारी कोंबडीच हिशेबाने सरस आहे. केंद्र बंद पडो, वीज जावो वा करार मोडो, तिच्या मालकिणीला पुढच्या पिल्लासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही. शंभर वर्षांच्या सुधारणांत अंड्यांची संख्या पाचपट झाली. पुढची शिफारस करणाऱ्याने त्या संख्येच्या शेजारी आणखी एक रकाना आखावयास हवा, आणि त्यात त्या घरचे पुढचे पिल्लू कोठून येणार हे लिहावयास हवे.